दुसऱ्या धंद्याचा दिवस



आपली ही व्याख्याने संध्याकाळी का होतात, याचे कारण उघड आहे. ऐकणारी मंडळी दिवसभर कचेरीत, शाळेत, कोर्टात किंवा कारखान्यात गुंतलेली असतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हा ते स्वतः सरकारच्या न्यायखात्यात नोकर होते. दिवस धन्याचा आणि त्यातून उरेल तेवढा वेळ आपला, ही वाटणी त्यांनाही ठाऊक होती आणि आपणांसही ठाऊक आहे. या उरलेल्या वेळात कोणी व्याख्यान ऐकतो, कोणी भजनाला जातो, कोणी नाटकाच्या तालमीला बसतो. आणि कोणी नोकरी न सोडता एखादा लहानसा धंदा मांडतो. या शेवटच्या माणसाचा इतिहास आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

असा धंदा काढावा की न काढावा, याविषयी आपल्याकडे दोन मते फार जोराने सांगितली जातात. एक पक्ष म्हणतो, दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा पाण्यात पडतो. दुसरा म्हणतो, पगाराची काठी हाती असल्याशिवाय धंद्याच्या ओढ्यात उतरू नये. दोन्ही पक्षांना दाखले मिळतात, म्हणून हा वाद कधी मिटत नाही. मला वाटते, दोघेही एक साधा प्रश्न विचारायचे विसरतात. धंदा दिवसा चालतो. गिऱ्हाईक दिवसा येते, माल दिवसा उतरतो, उधारी दिवसा वसूल होते. मग नोकरदार आपल्या खुर्चीवर बसलेला असताना दुकानात कोण उभे असते? दुसऱ्या धंद्याला कोणाचा ना कोणाचा दिवस द्यावाच लागतो. तो कोणाचा दिला, यावर त्या धंद्याची नीती आणि पुष्कळदा त्याचे भवितव्यही अवलंबून असते.

पूर्वी हा प्रश्न असा उभा राहत नव्हता. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण आपण तीन वेगवेगळ्या माणसांविषयी म्हणून वाचतो. प्रत्यक्षात ही तिन्ही कामे एकाच घरात, कधी एकाच माणसाच्या हातून होत असत. गावचा कुलकर्णी दप्तर सांभाळी, इनाम जमीन कसून घेई, आणि पैसे व्याजाने लावी तो वेगळाच. सुतार-लोहारांना बलुत्याचे धान्य मिळे आणि त्यांतल्या कित्येकांची शेतीही असे. कामाचे मोजमाप कामाने होई, घड्याळाने नव्हे. पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला गेला, १८५७ साली विद्यापीठ निघाले. त्यापाठोपाठ भोंग्यावर जाणारा कामकरी आणि घंटेवर जाणारा कारकून-मास्तर हे दोन नवे वर्ग उभे राहिले. ठरलेल्या तासांचा ठरलेला पगार, ही रीत आपल्याकडे रुजून दीड-पावणेदोन शतकेच झाली आहेत. त्या तासांबाहेर माणसाने काय करावे, हा प्रश्नही तेवढाच नवा आहे.

तथापि हिंदुस्थानात या प्रश्नाचा एक फार मोठा आणि फार कडू प्रयोग त्याआधीच होऊन गेला होता. तो केला ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या नोकरांनी. अठराव्या शतकाच्या मध्यास बंगालमध्ये कंपनीच्या नव्या कारकुनाला, म्हणजे 'रायटर'ला, वर्षाचा पगार पाच पौंड असे. एवढ्यात त्याचे पोट भरणार नाही, हे लंडनच्या डायरेक्टरांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी आपल्या नोकरांना देशांतर्गत खाजगी व्यापाराची मुभा ठेवली होती. नोकरी कंपनीची आणि जोडधंदा स्वतःचा, हाच त्या काळचा रीतसर करार होता.

या करारात एक भोक होते. १७१७ साली बादशहा फर्रुखसियर याने कंपनीला वर्षाला तीन हजार रुपयांच्या मोबदल्यात बंगालमध्ये जकातमाफ व्यापाराचे फर्मान दिले होते. ही माफी कंपनीच्या मालाला होती. तिच्या नोकरांच्या खाजगी मालाला नव्हती. परंतु माफीचा परवाना, ज्याला 'दस्तक' म्हणत, तो लिहून देणारा हात नोकराचाच. १७५७ च्या प्लासीनंतर त्या हाताला अडवणारे कोणी उरले नाही. मीठ, सुपारी, तंबाखू अशा रोजच्या जिनसांच्या व्यापारात कंपनीचे नोकर शिरले. देशी व्यापारी जकात भरी आणि यांचा माल दस्तकावर फुकट जाई.

आणि यांचे दुकान कोण चालवी? साहेब कलकत्त्याला किंवा पाटण्याला आपल्या कोठीत. गावोगाव त्यांचे गुमास्ते फिरत. ते कंपनीचे निशाण लावीत, शिपाई बरोबर नेत, पडत्या भावाने माल उचलीत आणि चढत्या भावाने गळ्यात मारीत. १७६२ साली वॉरन हेस्टिंग्ज गंगेवरून पाटण्याकडे निघाला असता त्याला नदीकाठी जिथे तिथे इंग्रजी निशाणे फडकताना दिसली, आणि ही गोष्ट कोणाच्याच हिताची नाही असे त्याने भागलपुराहून वरिष्ठांना लिहिले. हेस्टिंग्ज काही साधू नव्हता; तो स्वतःही खाजगी व्यापार करी. पण पद आणि धंदा एकत्र झाले की काय होते, हे त्याच्या ध्यानी आले होते.

नवाब मीर कासीम याने पुष्कळ अर्ज-विनंत्या केल्या. शेवटी १७६३ साली त्याने एक धाडसी उपाय योजला. इंग्रज नोकर जकात भरत नाहीत, तर माझ्या रयतेनेही भरू नये, असे म्हणून त्याने सर्वांचीच जकात उठविली. आता खरी स्पर्धा सुरू झाली असती. कलकत्त्याच्या कौन्सिलला नेमके तेच नको होते. युद्ध पेटले आणि १७६४ च्या ऑक्टोबरात बक्सारच्या रणावर त्याचा निकाल लागला. एका राज्याच्या नाशाला नोकरांचा जोडधंदा हे एक ठळक कारण झाले, असे इतिहासात वारंवार घडलेले नाही.

क्लाईव्हने १७६५ साली वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी मीठ-सुपारी-तंबाखूच्या व्यापाराची एक मंडळीच काढली. डायरेक्टरांनी ती मोडायला लावली. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने वसुली आणि न्यायाच्या कामावरील लोकांना व्यापाराची बंदी केली. तरी खरा बदल झाला तो कॉर्नवॉलिसने. १७८६ साली तो आला आणि त्याने बंदीच्या जोडीला पगार वाढविले. कलेक्टराचा पगार महिना दीड हजार रुपये झाला. पोटापुरते न देता सचोटीची अपेक्षा करणे फोल आहे, हे शहाणपण कंपनीला फार उशिरा आणि आपल्या रयतेच्या खर्चाने सुचले.

सरकारी नोकराने परवानगीवाचून व्यापार करू नये, हा नियम आपण आजही पाळतो. केंद्र सरकारच्या नोकरांचे १९६४ चे वर्तणूक-नियम धंद्यासाठी पूर्वपरवानगी मागतात. अधूनमधून केलेल्या साहित्य, कला, शास्त्र यांच्या कामाला मात्र मोकळीक देतात. पुष्कळांना हा नियम जाचक वाटतो. त्याची मुळे कोणत्या मातीत आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो तितका जाचक वाटणार नाही. बंगालमध्ये साहेबाच्या दुसऱ्या धंद्याला दिवस मिळाला तो त्याच्या पदाच्या जोरावर, म्हणजे अखेर रयतेच्या आणि नवाबाच्या खजिन्याच्या बळावर. वापरला गेला पगार नव्हे, शिक्का.

आता याच्या अगदी उलट असे एक उदाहरण आपल्या मुलखातले पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्याच्या हौसेने ते मुंबईस जे. जे. स्कूलमध्ये गेले. तेथे त्यांना काही रंगांतला भेद नीट दिसत नाही असे आढळून आले आणि कुंचला खाली ठेवावा लागला. मग त्यांनी यांत्रिक रेखाकामाचा अभ्यास केला आणि १८८७ साली निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. नोकरी चांगली होती, मानाची होती.

त्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावर सायकल दिसू लागली होती. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल विलायतेत १८८५ साली निघाली. डनलॉपने हवेची धाव १८८८ साली काढली. म्हणजे हे यंत्र तिकडेही नवेच होते. तिची किंमत आपल्याकडे सातशे ते हजार रुपये पडे, असे सांगतात. आजच्या मोटारीसारखाच तो थाट होता. लक्ष्मणरावांनी १८८८ साली वडीलबंधू रामूअण्णांच्या भागीने बेळगावास सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईत सायकल विकत घेऊन पाठवीत. रामूअण्णा बेळगावात ती विकीत. शिवाय सायकल घेणाऱ्याला ती चालवायला शिकवावे लागे. त्याची फी पंधरा रुपये.

श्रोतेहो, या व्यवस्थेत कोणाचा वेळ कुठे गेला ते पाहा. मुंबईची नोकरी लक्ष्मणरावांचा दिवस घेई आणि त्या बदल्यात पगार देई, यंत्रांच्या सहवासात ठेवी. नव्या वस्तू ज्या बंदरात प्रथम उतरत, त्या बंदराच्या गावात राहण्याची सोयही तिने झाली. या सर्व गोष्टी त्यांनी वापरल्या आणि त्यांत काही वावगे नव्हते. मात्र त्या दुकानाचा दिवस रामूअण्णांचा होता. बेळगावच्या उन्हात एखाद्या वकिलाच्या सायकलीमागे पळणारा, पडला तर उचलणारा, चाक वाकले तर सरळ करणारा माणूस मुंबईत नव्हता. आपण लक्ष्मणरावांचे चरित्र वाचतो तेव्हा मास्तराने नोकरी सांभाळून धंदा काढला एवढेच वाचतो. मास्तराने सांभाळली ती नोकरी. धंदा सांभाळला भावाने.

अशी जवळजवळ नऊ वर्षे गेली. १८९७ च्या सुमारास लक्ष्मणरावांची अपेक्षित बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली आणि त्यांनी राजीनामा दिला. अपमान हा पुष्कळांच्या वाट्याला येतो. पण तो झाल्यावर स्वाभिमानाने उठून जाण्याइतकी जमीन पायाखाली प्रत्येकाच्या असत नाही. ती जमीन बेळगावात नऊ वर्षे तयार होत होती. पुढे कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि १९०३ साली लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत; पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत पगार नव्हता. भार पेलला तो आधीच्या धंद्याने. मग बेळगावातली जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९१० साली निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ती कथा आपणांस ठाऊक आहे. ती आज मी लांबवीत नाही.

त्याच दशकात हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाला, कलकत्त्यास, असाच एक मास्तर असाच उद्योग करीत होता. प्रफुल्लचंद्र रे एडिंबरोहून रसायनशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन आले आणि १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात अडीचशे रुपयांवर लागले. वरच्या श्रेणीच्या शिक्षणसेवेची दारे हिंदी माणसाला जवळजवळ बंद होती. आपले पदवीधर कारकुनीसाठी रांगा लावतात आणि औषधाची बाटली मात्र विलायतेहून येते, ही गोष्ट त्यांना सलत होती. १८९२ साली त्यांनी ९१, अपर सर्क्युलर रोड या भाड्याच्या घरात सातशे रुपयांच्या भांडवलावर बंगाल केमिकलचा पाया घातला. ज्या घरात राहायचे, त्याच घरात कारखाना.

फॉस्फेट करण्यासाठी त्यांनी खाटिकांकडून हाडे आणून गच्चीवर वाळत घातली. कावळे जमले, दुर्गंधी सुटली, शेजाऱ्यांनी गिल्ला केला. जोडधंद्याला शेजाऱ्यांचाही थोडा दिवस लागतो, तो असा. अखेर हाडे तिथून हलवावी लागली. कॉलेजातून परतल्यावर आणि सुटीच्या दिवशी प्रफुल्लचंद्र भट्टीपाशी आणि हिशेबाच्या वहीपाशी बसत. संसार त्यांनी केला नाही, म्हणून घरच्या माणसाची संध्याकाळ त्यांना मागावी लागली नाही.

परंतु त्यांचाही दिवस त्यांचा नव्हता. बाजारात उभे राहिले ते त्यांचे मित्र डॉक्टर अमूल्यचरण बसू. देशी कारखान्याचे औषध लिहून द्यायला डॉक्टर कचरत; अमूल्यचरणांनी आपल्या व्यवसायबंधूंना गाठले, पटविले, आणि कालमेघ, कुडा, अडुळसा अशा आपल्याच वनस्पतींची औषधे चालू केली. १८९८ साली प्लेगने ते गेले. अमूल्यचरणांचे एक तरुण आप्त सतीशचंद्र सिंह रसायनशास्त्राची वरची परीक्षा देऊन या कामाला येऊन मिळाले होते. प्रयोगशाळेत प्रूसिक ॲसिडच्या विषाने अपघात होऊन तेही गेले. प्रफुल्लचंद्रांनी आपल्या आत्मचरित्रात या दोघांची आठवण मोठ्या ममतेने केली आहे. प्रफुल्लचंद्रांची कॉलेजची खुर्ची शाबूत होती. या दोघांनी आपले सर्वच दिवस त्या घराला दिले. १९०१ साली त्या घरगुती उद्योगाची मर्यादित कंपनी झाली. १९०३ साली तेथे राजशेखर बसू हे तरुण रसायनज्ञ आले, आणि मग कारखान्याला अखंड दिवस देणारा माणूस मिळाला. कारखाना सांभाळून उरलेल्या वेळात हेच गृहस्थ 'परशुराम' या नावाने बंगालीतले नामांकित विनोदी लेखक झाले. प्रफुल्लचंद्र स्वतः अखेरपर्यंत शिक्षकच राहिले. नफ्याचा मोह त्यांनी धरला नाही. त्यांची मिळकत विद्यार्थी आणि लोककार्य यांकडे गेली. जोडधंदा मोठा झाला की नोकरी सोडलीच पाहिजे असे नाही, हे त्यांनी दाखविले. त्याच वेळी हेही दाखविले की, स्वतः नोकरी सोडायची नसेल तर धंदा दुसऱ्याच्या हाती मोकळेपणाने सोपवावा लागतो.

आतापर्यंत मी पुरुषांच्या नोकऱ्यांविषयी बोललो. पण ज्या नोकरीला पगार नाही, रजा नाही आणि निवृत्ती नाही, ती नोकरी प्रत्येक घरात कोणीतरी करीतच असते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात गृहिणी एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर जमल्या. त्यांनी ऐंशी रुपये उसने आणले होते. त्या दिवशी त्यांनी चार पुड्यांपुरते पापड लाटले आणि भुलेश्वरातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिले. हीच लिज्जत पापडाची सुरुवात. घर सांभाळून जो वेळ काढता येईल, तो प्रत्येकीने द्यावा. ज्या लाटतील त्याच मालकीण, आणि नफा-तोटा साऱ्याजणींचा. पीठ घरी न्यावे आणि लाटून आणावे, अशीही सोय पुढे झाली. येथे दिवस कोणा दुसऱ्याचा घेतला गेला नाही. स्वतःच्या दिवसाचे तुकडे जोडून तो धंदा झाला. म्हणूनच ज्याचा दिवस त्याचा वाटा, हा हिशेब मी पाहिलेल्या उदाहरणांत इथे सर्वांत चोख आहे.

दहा वर्षांनी, १९६९ साली, अहमदाबादेस करसनभाई पटेल हे गुजरात सरकारच्या भूशास्त्र आणि खनिकर्म खात्यात रसायनाचे काम करीत होते. घराच्या मागील अंगणात ते कपडे धुण्याची पूड तयार करीत आणि सायकलवर बांधून दारोदार विकीत. मोठ्या कंपनीची पूड किलोला तेरा रुपयांच्या घरात आणि यांची तीन रुपयांना. मुलीच्या नावावरून तिचे नाव 'निर्मा' ठेवले. कचेरीला जाण्याचा रस्ता हीच त्यांची पहिली बाजारपेठ. तीनेक वर्षांनी त्यांनी पूर्ण वेळ त्या धंद्याला दिला आणि पुढचा इतिहास घरोघरच्या मोरीत लिहिलेला आहे. येथेही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सायकलवर, रस्त्यावर आणि अंगणात जेवढा धंदा मावला, तेवढाच त्यांनी नोकरीबरोबर केला. तो मावेनासा झाला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

या साऱ्या उदाहरणांवरून मला एवढेच म्हणावयाचे आहे. नोकरी सांभाळून धंदा करणे हे पाप नव्हे आणि केवळ हिकमतही नव्हे. पगार आपला आहे; तो भांडवल म्हणून खुशाल वापरावा. नोकरीत मिळालेली विद्या आपली आहे, तीही वापरावी. पद मात्र आपले नाही. ते लोकांचे किंवा धन्याचे आहे, आणि ते वापरले की आपण बक्सारच्या वाटेला लागलो असे समजावे. मग राहतो घरच्या माणसाचा दिवस. आज आपल्या गावात किती घरी नवऱ्याच्या नावाने चालणारी वस्तुतः बायको चालवते, किती दुकानांत नोकरदार मुलाच्या गल्ल्यावर निवृत्त बाप बसलेला असतो! विचारले तर मुलगा सांगतो, 'मी नोकरी सांभाळून करतो.' तो खोटे बोलत नाही. पण तो पुरते बोलत नाही. हिशेबाच्या वहीत भाडे असते, माल असतो, व्याज असते. या माणसाचा दिवस कोठल्या खात्यावर टाकला आहे, हे आपण घरी गेल्यावर एकदा पाहावे.

बेळगावच्या दुकानाचे नाव लक्ष्मणरावांच्या एकट्याच्या नावावर ठेवता आले असते. कल्पना त्यांची होती, पुढे कीर्तीही त्यांचीच झाली. पण पाटीवर नाव लागले ते 'किर्लोस्कर ब्रदर्स'. त्या पेढीचे तेच नाव आजही चालू आहे. मुंबईच्या वर्गात रेखाटने शिकविणाऱ्या धाकट्या भावाने बेळगावात सायकलीमागे पळणाऱ्या थोरल्या भावाचा दिवस पाटीवर लिहून ठेवला होता. एवढी पाटी आपणही लावावी, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.